पाच-आठचं कपाट

आमच्या घरात तीन इंचांचं एक गुपित आहे आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. आमचे हे पाच फूट पाच इंच आहेत. सांगतात पाच-आठ.

लग्न ठरताना सासूबाईंनी मुलाची उंची सांगितली तेव्हा हात जरा सढळ सोडला. माझ्या वडिलांनी माझी सांगताना कात्री चालवली, कारण उंच मुलगी घरात राहून जाते अशी त्यांना धास्ती. मी आहे पाच-सात, त्यांनी सांगितली पाच-चार. कागदावर हे माझ्यापेक्षा चांगले चार इंच उंच. पहिल्या भेटीत आम्ही सगळा वेळ बसून होतो, आणि बसल्यावर सगळेच सारखे. उठून उभे राहिलो तोवर चहा झाला होता, होकार झाला होता. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकदमच छताकडे बघितलं.

तेव्हापासून मी वाकते आहे. टाचांची चप्पल मी लग्नानंतर पायात घातलेली नाही. रस्त्याने चालताना फुटपाथ यांना, खालचा रस्ता मला. फोटोवाला 'रेडी' म्हणाला की माझ्या पाठीवर दोन हलक्या थापा पडतात. म्हणजे 'जरा खाली'. बघणाऱ्यांना वाटतं, नवरा किती मायेने पाठीवर हात ठेवतो. हे घरातसुद्धा जाड तळाच्या सपाता घालतात, का तर म्हणे फरशी गार लागते. उन्हाळ्यातही लागते.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. तापात माझ्या उशाशी बसणारा आहे, माझ्या माहेरच्यांचं मनापासून करणारा आहे. पण या तीन इंचांपुढे त्यांचं काही चालत नाही.

मागच्या वर्षी माझी पाठ बोलायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मला भिंतीला टेकून उभं केलं, खांद्यांवर हात दाबून बघितले आणि विचारलं, "स्वतःच्या उंचीची लाज वाटते का तुम्हाला?"

"स्वतःच्या नाही," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. दिवसातून सगळ्यात जास्त वाकून कुठे उभ्या राहता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सिंकपाशी. आमच्या सिंकच्या वर एक जुनं लाकडी कपाट होतं, आधीच्या बिऱ्हाडाने लावलेलं, पुढे आलेलं आणि खाली उतरलेलं. भांडी घासायची तर त्याच्याखाली मान घालून, पाठीची कमान करून उभं राहावं लागे. विसरून सरळ झालं की कपाळावर कोपरा बसे. कोपऱ्याचा रंग उडाला होता आणि तो बहुतेक माझ्याच कपाळाने उडवला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते कपाट वर घ्या. नाहीतर ही पाठ आता वाकलेलीच राहील. पुढे सरळ करू म्हटलं तरी होणार नाही."

मी घरी येऊन डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं आणि म्हटलं की सिंकवरचं कपाट वर घ्यायचं आहे. एवढंच मागितलं. आमच्या घरात एवढंच कधी होत नाही.

"कपाट कशाला," हे म्हणाले, "सगळं किचनच नवीन करू."

याला कारण होतं. यांना अलीकडे कुकिंगचा नाद लागला होता. स्वयंपाक वेगळा आणि कुकिंग वेगळं, हे मला तेव्हाच कळलं. स्वयंपाक म्हणजे मी रोज दोन्ही वेळा करते ते. कुकिंग म्हणजे हे रविवारी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून करतात ते. कुकिंगला वजनकाटा लागतो, मांसात खुपसायचं थर्मामीटर लागतं, चार प्रकारचं मीठ लागतं आणि शेवटी ओटा पुसायला मी लागते. या सगळ्या सामानाला घरात जागा नाही ही यांची जुनी तक्रार होती. माझ्या पाठीच्या निमित्ताने त्यांच्या मिठांची सोय होणार होती. म्हटलं होऊ दे, माझं कपाट वर गेल्याशी कारण.

किचनच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. सासूबाई घरात खिळा ठोकायचा असला तरी पुढे असतात. काचेच्या टेबलामागे एक तरुण डिझायनर बसली होती. बोलायला गोड आणि हाताने चपळ. भिंतींची मापं तिने आधीच घेतली होती. आता कॉम्प्युटरवर बोटं ठेवून तिने विचारलं, "वरची कपाटं वापरणाऱ्याच्या उंचीवर ठरतात. किचनमध्ये जास्त कोण असतं?"

"कुकिंग मीच करतो," हे म्हणाले.

मी सिंकपाशी असते, असं मी म्हणाले.

"म्हणजे दोन झोन करू. शेगडीकडची बाजू सरांची, सिंककडची मॅडमची. सर, हाइट?"

"पाच-आठ."

आकडा इतका सफाईने आला की मलासुद्धा क्षणभर खरा वाटला. सासूबाईंनी मान डोलावली आणि वर म्हणाल्या, "त्याचे आजोबा तर दारातून वाकून यायचे." आजोबांचा एक फोटो घरात आहे. त्यात ते खुर्चीवर बसलेत आणि पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पण ते असो.

"आणि मॅडम?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात हरवलेलं मूल एखाद्या अनोळखी बाईकडे बघतं तसं. मी पाच-सात म्हटलं, की ती पोरगी आम्हा दोघांना शेजारी शेजारी बघणार, आणि मग पाच-आठची झाकली मूठ तिथेच उघडणार. मला दया आली. दया फार महागात पडते, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

"पाच-चार," सासूबाई म्हणाल्या.

पोरीने आकडे टाकले आणि पडद्यावर आमचं स्वयंपाकघर उभं राहिलं. त्यात दोन माणसंही होती. शेगडीपाशी एक उंच, खांदे रुंद असलेला पुरुष आणि सिंकपाशी त्याच्यापेक्षा चांगली चार इंच बुटकी बाई. सरांच्या बाजूची कपाटं छताकडे गेली होती, मॅडमच्या बाजूची खाली उतरली होती, अगदी आमच्या जुन्या कपाटाच्या रेषेवर. मी चित्राकडे बघत राहिले. आजवर जी बाई फक्त वडिलांच्या कागदावर होती, ती आता माझ्या सिंकपाशी उभी होती, आणि तिच्यासाठी माझं कपाट खाली येणार होतं. हेही चित्राकडे बघत होते, पण त्यांची नजर त्या रुंद खांद्यांवरून हलत नव्हती.

"याची प्रिंट मिळेल का?" त्यांनी विचारलं.

वर त्यांनी आपल्या कपाटांना वर उघडणारी दारं निवडली. साधं दार बाजूला उघडतं. हे दार खालून उचललं की गाडीच्या डिकीसारखं वर जातं आणि तिथेच थांबतं. "डोक्याला लागत नाही," डिझायनर म्हणाली, "फक्त बंद करायला हात वर पोचायला हवा. सरांना काहीच प्रॉब्लेम नाही."

"मला कसला प्रॉब्लेम," सर म्हणाले.

दुकानाची एक चांगली पद्धत होती. कपाटं कारखान्यात जाण्याआधी मिस्त्री घरी येऊन भिंतीवर चिकटपट्टीने रेषा आखायचा आणि कपाटांच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके लावून दाखवायचा. मिस्त्री अबोल होता. त्याच्याकडे आकडे होते आणि आकड्यांपलीकडे त्याला कोणाशी देणंघेणं नव्हतं. तोपर्यंत जुनं कपाट निघालं होतं. ते नसलेले दोन दिवस मी सिंकपाशी सरळ उभी राहिले होते. नळ उघडा टाकून उगाच उभी राहिले होते. भांडी घासताना खिडकीबाहेरचं झाड दिसतं, हे मला या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा कळलं होतं.

यांनी चाचणीसाठी बूट घातले. स्वयंपाकघरात, जाड तळाचे, डोंगर चढायचे बूट. "धूळ आहे ना," म्हणाले. हात वर केला, पुठ्ठ्याच्या दाराला बोटं लावली आणि मिस्त्रीला म्हणाले, "परफेक्ट."

मग माझी पाळी. मी सिंकपाशी गेले आणि खोक्यावर आपटले. पुठ्ठाच होता, लागलं नाही. पण कपाळाच्या त्याच जागेवर बसलं.

"थोडं वाकून उभं राहा," मिस्त्री म्हणाला, "बरोबर बसेल."

"सवय होईल तिला," सासूबाई म्हणाल्या. "आहेच तिला सवय."

मी मान काढून बाजूला झाले. पण मिस्त्री गेल्यावर, चहा पिताना, मी यांना सरळ विचारलं, "अहो, त्या मुलीला खरी उंची सांगू का?"

"कोणाची?"

"माझी."

यांनी कप बशीत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझी सांगितलीस की माझी विचारतील."

इतक्या वर्षांत या विषयावर आमच्यात झालेलं हे पहिलं वाक्य. मला भरून आलं. वाटलं, आता गाठ सुटली, आता हा माणूस हसेल, मी हसेन, आणि दोघं मिळून त्या मुलीला फोन करू. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला.

"तुझी पाठ आहे, मला कळतं," हे म्हणाले. "पण एवढी वर्षं निभावलंस. आता थोड्यासाठी कशाला? तू समजूतदार आहेस."

मी हात काढून घेतला. समजूतदार म्हणजे वाकणारी, हे मी लग्नातच शिकले होते. पण डॉक्टरचं सगळं ऐकून, खोक्यावर आपटलेली बायको समोर बसलेली असताना, कोणी तेच पुन्हा मागेल असं मला वाटलं नव्हतं. राग आला. साधा, स्वच्छ राग आला आणि त्याने मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात फोन केला. "मॅडमच्या झोनसाठी उंची पाच-सात टाका," मी म्हटलं.

"पण मॅडम, त्या दिवशी पाच-चार म्हणालात ना?"

"मी नव्हते म्हणाले. मी तिथे फक्त खुर्चीत बसले होते."

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला. "आणि सरांची तीच ठेवू?"

"सरांचं सरांना माहीत," मी म्हणाले. "त्यांनी सांगितली तीच ठेवा. आणि चित्रातली माणसं काढून टाका, उगाच गर्दी होते."

नवीन चित्र यांच्या मोबाइलवर आलं. आता दोन्हीकडची कपाटं जवळपास एका रेषेत होती. हे खूश झाले. "बघ, एका रेषेत घेतल्यावर किती छान दिसतंय. मी तिला पहिल्याच दिवशी सुचवणार होतो." सासूबाई म्हणाल्या की त्याला पहिल्यापासून नजर आहे. मी म्हटलं, आहेच. खोटं काय बोलायचं, त्यांना नजर होतीच. हातांचा प्रश्न होता.

कपाटं बसली. यांनी मोठ्या हौसेने आपलं सामान लावायला घेतलं, म्हणजे हे सांगत गेले आणि मी लावत गेले. वजनकाटा वर, थर्मामीटर वर, चारही मिठं वर. पहिल्या रविवारी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकला आणि यांनी पहिलं दार उचललं. दार मऊपणे वर गेलं आणि छताजवळ थांबलं. आत मिठाच्या बरण्या शहाण्यासारख्या ओळीत बसल्या होत्या. यांनी हात घातला. बोटं फळीच्या कडेला लागली. चवड्यांवर उभं राहिल्यावर एका बरणीला लागली आणि बरणी आणखी आत सरकली. मग बाजूचं दार उघडलं, मग त्याच्या बाजूचं. तीनही दारं वर, आणि खाली हे, हात वर करून. बंद करायला दाराची कड पकडायची तर दोन-तीन बोटं कमी पडत होती. शेवटी यांनी उलथनं घेतलं आणि त्याच्या टोकाने दार खाली ओढायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मी हसले नाही, याचं श्रेय मला कोणीतरी द्यायला हवं.

"स्टूल आणू का?" मी विचारलं.

"आपल्या घरात स्टूल कशाला?" हे म्हणाले. "त्या मिस्त्रीने वर बसवलंय. गाढव आहे."

नाचता येईना अंगण वाकडं. मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, त्याने टेप लावला, कागद बघितला, पुन्हा टेप लावला. "ड्रॉइंगप्रमाणे आहे," एवढंच म्हणाला. मग यांनी दुकानात फोन लावला आणि जरब बसावी म्हणून स्पीकरवर ठेवला. सासूबाई जपमाळ ओढल्यासारख्या पुटपुटत शेजारी उभ्या, मिस्त्री हातात ड्रिल घेऊन उभा, मी सिंकपाशी.

"काहीच प्रॉब्लेम नाही सर," पोरगी गोड आवाजात म्हणाली. "उद्याच खाली घेऊन देते. एवढ्या बदलाचा चार्जही नाही. फक्त तुमची हाइट पुन्हा सांगा, मला सिस्टममध्ये टाकावी लागते."

मिस्त्रीने ड्रिल ओट्यावर ठेवलं. एक आकडा. तो सांगितला की मीठ हाताशी येणार होतं, कुकिंग सुरू होणार होतं, दारं उघडमिट होणार होती. मी मनापासून सांगते, त्या क्षणी मला वाटलं की यांनी सांगावा. मी त्यांच्याकडे बघून मानही हलवली. सांगा, काही होत नाही, मी इथेच आहे.

यांनी खांदे ताठ केले.

"पाच-आठ," हे म्हणाले.

"मग सर, ते बरोबरच बसलंय," पोरगी म्हणाली.

त्यानंतर यांचा कुकिंगचा नाद ओसरला. घरी कुकिंग करण्यात वेळ फार जातो, असं त्यांचं मत झालं. एवढ्या मिठाने रक्तदाब वाढतो, असंही झालं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात हे ऐकून होते, मीठ खारट लागल्याचं पहिल्यांदाच बघितलं. वरच्या कपाटांत हळूहळू माझं सामान गेलं. पाहुण्यांचे कप गेले, मोठी पातेली गेली. मी हात वर करून काढते, हात वर करून ठेवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की व्यायाम चांगला चाललाय.

मग नणंद आली, नवीन किचन बघायला. यांची धाकटी बहीण. तिला घरातली सगळी गुपितं माहीत असतात, पण कुठलं कधी उघडायचं नाही हे तिला कधीच लक्षात राहत नाही. तिने ओटा बघितला, ड्रॉवर ओढून बघितले आणि मोबाइल काढला. "दादा, वहिनी, कपाटांसमोर उभे राहा. सगळ्यांना पाठवते."

मी चहासाठी कप काढत होते. दार वर गेलेलं, माझा हात वरच्या फळीवर, टाचा जमिनीवर. हे शेजारी येऊन उभे राहिले. नणंद म्हणाली, "रेडी?"

आणि पाठीवर त्या दोन थापा पडल्या.

शरीराला सवय असते. माझे गुडघे सैल पडायलाही लागले. पण बोटांत कपाचा कान होता, आणि वाकले असते तर तो सुटला असता.

"कप काढतेय," मी यांना म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या साध्या आवाजात. "वाकले तर हात पोचणार नाही. तुम्ही काढता का?"

यांनी वर बघितलं. फळीकडे, कपांकडे, त्या उघड्या दाराकडे. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यासाठीही त्यांना वरच बघावं लागलं. पाठीवरचा हात तिथेच होता. तो हळूच निघाला.

"तूच काढ," हे म्हणाले.

नणंदेने फोटो काढला. मग तो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाली, "दादा, तू किती बुटका आलायस यात."

"कपाटंच उंच बसवलीत मेल्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्यापुढे कोणीही बुटकं दिसेल."

नणंदेने पुन्हा फोटोकडे बघितलं. "मग वहिनी का नाही दिसत?"

यांनी सपाता काढून बाजूला सरकवल्या आणि अनवाणी जाऊन खुर्चीत बसले. मी दार ओढून बंद केलं, चहा गाळून पहिला कप यांच्या हातात दिला आणि चहा झाल्यावर कप विसळायला सिंकपाशी गेले. नळ सोडला. बाहेर झाड होतं. कपाळाला काही लागलं नाही.